टाकलेलं पान

अनिलनं पान टाकलं.

वरून, आंब्याच्या कलमांच्या आडून, हे सांगणारा आप्पाचा आवाज गडग्यापर्यंत आला तेव्हा आनंदीबाई खाली दगडावर बसून वड्यांच्या रिकाम्या टोपाला फडकं बांधत होती. बाग राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या जागेवर बायका जात नाहीत. टोप तेवढे चिऱ्यांच्या गडग्यापर्यंत पोचवायचे, अलीकडे बसायचं आणि वर पुरुषांची जेवणं होईस्तोवर माश्या वारायच्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर वर्षी मोहराच्या दिवसांत तिनं एवढंच केलं होतं. कोंबडा तिनं पोसलेला, खोबऱ्याचं वाटप तिनं वाटलेलं, वडे तिनं थापलेले, आणि जेवण बागेच्या राखणदाराचं.

त्या जेवणाचा नेम एकच. वर नेलेलं वरच संपवायचं. घरी शीत आणायचं नाही आणि पानात शीत ठेवायचं नाही. घरातला थोरला आधी बसतो, शेवटी उठतो, आणि त्याचं पान पुसल्यासारखं लख्ख हवं. नवरा होता तोवर ते पान त्याचं, काशीरामचं, तो गेल्यावर थोरल्या लेकाचं, अनिलचं. अनिल म्हणजे तीन वडे संपवून चौथा कुणाच्या पानात उरलाय ते बघणारा गडी. तो पान टाकील हे आनंदीबाईला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी तिनं सांगणाऱ्याची अक्कल काढली असती.

ती उठली. लुगड्याचा ओचा खोचला आणि गडगा ओलांडून सरळ वर गेली.

"वयनी, खाली जा," आप्पा म्हणाला. आप्पा तिचा धाकटा दीर, वाडीत शब्दाला वजन असलेला, देवाधर्माच्या बाबतीत तर स्वतःला देवाचा कारकूनच समजणारा. "जागा बाटल."

"कशानं? माझ्या पायानं? राखणदार काय आभाळातनं पडला? त्याला आयशी नव्हती?"

आनंदीबाईनं केळीच्या पानाकडे बघितलं. भाताचा ढीग एका कडेनं उकरलेला. कोंबड्याची तंगडी तशीच. वडा मोडून ठेवलेला, खाल्लेला नाही. अनिल पानासमोर मांडी घालून बसला होता, एक घास गालात धरून, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. जानेवारीचा गार वारा आणि त्याच्या कपाळावर घाम.

"गीळ," ती म्हणाली.

"जात नाय गो आई. भरला पोट."

"चार घासांत?"

"द्या इकडे, मी संपवतो," धाकटा संदेश मध्ये पडला. तो कालच बायकोला घेऊन मुंबईहून आला होता. "हाय काय त्यात? दर खेपेला मीच तर संपवतो. गणपतीत पण दादानं मोदक माझ्या ताटात सरकवले. दिवाळीत पण."

संदेश हसत बोलला होता. दादा मायेनं आपल्याला देतो असं समजून त्याचा ऊर आजवर भरून येत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. बोलून झाल्यावर मात्र आईचं तोंड बघून त्याचं हसू हळूहळू मावळलं.

गणपतीपासून, आनंदीबाईच्या मनात आलं. गणपतीपासून हा जेवत नाही आणि मी कुणाला वाढत होते?

*

घरी आल्यावर कुणी जागेवर बसेना. आनंदीबाई तर नाहीच. ती ओटीवरनं माजघरात, माजघरातनं परसात, परत ओटीवर. टोप घासून झाले तरी पुन्हा घासायला घेतले. कमरेची मशेरीची डबी काढून उघडली, न लावताच मिटली. ओटीवर आप्पा झोपाळ्यावर बसून निवाडा देत होता.

"बागेत पाण्याच्या टाकीसाठी जेसीबी आणलात. मी सांगत होतो, त्या अंगाला नको. राखणीचा धोंडा हलला. हात-अर्धा हात का होईना, हलला. त्याची जागा सरकली, आता तो ह्याच्या घशाखाली घास उतरू देत नाय. सरळ हाय."

"जेसीबी मीच आणला होता," अनिल खाली बघत म्हणाला.

"म्हणूनच तुला."

माजघराच्या दारात संदेशची बायको अक्षया उभी होती. परळच्या एका पोटाच्या डॉक्टरकडे ती नावं लिहून घ्यायला, पेशंटना नंबर द्यायला बसायची. आनंदीबाईचं आणि तिचं गेल्या शिमग्यापासून वाकडं होतं. आनंदीबाईनं स्वतःच्या हातानं खारवलेले बांगडे हिला बांधून दिले आणि हिनं ते इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकले. हे संदेशच्या तोंडून निसटलं. तेव्हापासून आनंदीबाई तिच्याशी भिंतीकडे बघून बोलायची.

"भाऊजी, एक विचारू?" अक्षया म्हणाली. "भूक लागत नाही, की लागते आणि दोन घासांत पोट भरतं?"

उत्तर अनिलच्या बायकोनं दिलं. सखू कधी सासूसमोर चार शब्द एका दमात बोलली नव्हती. आज सुपातले तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता बोलली.

"लागते. ताटावर बसतात हौसेनं. मग फुगल्यासारखं होतं म्हणतात. ढेकर येतात आंबट, छातीत जळतं. ती पुडी असते ना पाण्यात फसफसणारी, ती रोजची झालीय. पँटी दोनदा आत घेतल्या मी. आता तिसऱ्यांदा घ्यायला शिवणीत कापड उरलं नाही."

"सखू," अनिल म्हणाला.

"बोलू दे तिला," आनंदीबाई म्हणाली.

"मिरजोळ्याला कारखान्यात जिना चढताना मधे थांबतात. त्यांच्याबरोबरचा माणूस सांगत होता. धाप लागते."

अक्षया पुढं आली आणि अनिलसमोर जमिनीवरच बसली. "अजून एक. शौचाला काळं होतं का?"

अनिल ताडकन उठला. "बायकांनी आता संडासाच्या गोष्टी ओटीवर आणल्यानी. चांगला चाललाय."

"बस खाली," आनंदीबाई म्हणाली. "तुझा ढुंगण मी धुतलाय. मला लाज सांगू नको. काळा होता काय?"

झोपाळ्याची कडी वाजायची थांबली. आप्पानं पाय टेकले होते.

"कधीमधी," अनिल म्हणाला. "डांबरासारखा. मला वाटला, कोकमाचा."

"तुला वाटला," आनंदीबाई म्हणाली, आणि भिंतीकडे न बघता, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, धाकट्या सुनेच्या तोंडाकडे बघून विचारलं, "कसला असता ता?"

"पोटात वर कुठंतरी रक्त झिरपत असेल तर ते पचून काळं होऊन बाहेर येतं. म्हणूनच धाप, म्हणूनच चेहरा असा फिका." अक्षया हळू बोलत होती. "अल्सरनं होतं. जंतूंनी सूज आली तरी होतं. ते औषधानं बरं होतं. पण आई, कर्करोगाची सुरुवात पण अशीच असते. अशीच म्हणजे काहीच नसल्यासारखी. जळजळ, ढेकर, लवकर पोट भरणं. माणूस पुडी पितो आणि कामाला जातो. आमच्याकडे येतात ना, त्यातले अर्धे सांगतात, ॲसिडिटीच होती हो."

कर्करोग हा शब्द या ओटीवर कधीच कुणी काढला नव्हता. काशीराम गेला तेव्हाही नाही. तेव्हा सगळे म्हणाले होते, पोटाचं दुखणं.

"यालाच कशाला होईल?" संदेशनं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"यांनाच होईल असं नाही म्हणत मी. पण वडिलांना झालेलं आहे. पन्नाशी उलटली आहे. तंबाखू आहे. आणि..." ती अडखळली.

"आणि काय? सांग की."

"आणि रोजचं खारं."

सखूच्या सुपातला हात थांबला. आनंदीबाईचे खारे बांगडे म्हणजे काय, हे मिरकरवाड्याच्या मासळीवाल्या बायकांनाही ठाऊक होतं. बोटीवरनं उतरलेला माल ती स्वतः जाऊन निवडायची, कल्ले उचलून बघायची, दर पाडायची, आणि तिच्या मिठात पडलेला बांगडा पुढच्या पावसाळाभर भाताबरोबर तोंडी लागायचा. या घरातली सगळी पोरं त्यावर वाढली.

"म्हणजे माझ्या हातचं खाऊन," आनंदीबाई सावकाश म्हणाली.

"एकट्या बांगड्याचं नाव नाही घेत मी, आई. एक जंतू असतो, लहानपणीच पोटात शिरतो आणि वर्षानुवर्षं राहतो, एका घरात एकाचा दुसऱ्याला जातो. कुणाला काही करत नाही, कुणाच्या पोटाला आतून कुरतडतो. त्यावर मीठ, त्यावर तंबाखू, त्यावर घराण्यातलं. भर पडत जाते. यातलं काही नसेलही. पण ते दुर्बीण घातल्याशिवाय कोण सांगणार? तोंडातून नळी घालतात, आत बघतात, जरूर वाटली तर कणभर तुकडा काढून तपासतात. लवकर सापडलं तर पुष्कळ करता येतं."

"काशीरामदादाला घातलीच ना दुर्बीण मुंबईत," आप्पा म्हणाला. "काय झाला?"

"कधी घातली होती?" अक्षयानं विचारलं.

याचं उत्तर आप्पाला, आनंदीबाईला आणि अनिलला माहीत होतं. काशीरामच्या पोटात पेजेचं पाणीसुद्धा ठरेना, तेव्हा. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं, तेव्हा. त्याआधी अख्खा पावसाळा देवळात गेला होता. आप्पानंच गाऱ्हाणं घातलं होतं, ह्याला बाहेरचं काही लागलंय काय? देवीनं उजवा कौल दिला, म्हणजे होय. मग बाहेरच्याचे उपाय. उतारे, नारळ, गंडे.

"कौल लावा," अनिल म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "आज सांजचा कौल लावा. देवी सांगंल तसा करू. नको म्हणाली तर कोणी मला नळीचा नाव सांगायचा नाय."

आप्पानं समाधानानं झोपाळ्याला पाय दिला. "शहाणा हाय."

*

परसात, मांडवाच्या सावलीत, चटईवर बांगडे वाळत होते. आनंदीबाई काठी घेऊन कावळे हाकायला गेली. कावळे नव्हते. तरी तिनं काठी चटईवर दोनदा आपटली.

अनिल विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता. परसापर्यंत चालत आला एवढ्यानं त्याला टेकावं लागलं, हे तिनं बघितलं, आणि तिला आपलाच राग आला. रोज बघत होते आणि दिसत नव्हतं. गेल्या महिन्यात शेजारणीनं म्हटलं, अनिल वाळला गो, तर तिनं त्या बाईला सुनावलं होतं, तुमच्या घरातले डोळे आमच्या घरात नकोत.

"भितोस?" तिनं विचारलं.

"कशाला भीन?"

"मग नळीला नको का म्हणतोस? एवढीशी नळी. तू आख्खा मुडदुसा काट्यासकट गिळणारा."

अनिल हसला नाही. "आई, बापसाला मी नेला होता मुंबईस. तू इथं होतीस. त्याला आत नेलानी तेव्हा तो चालत गेला. माझ्या खांद्यावर हात टाकून, पण चालत. तोवर तो बरा होता. डॉक्टरनं सांगितलान, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं भिंतीकडे तोंड केलान. रोगानं नाय मारलान त्याला. सांगितलान, त्या सांगण्यानं मारलान."

"म्हणजे नाय कळला तर नाय मरत?"

"तोवर तर मी बरा असतो ना."

आनंदीबाईनं काठी कठड्याला उभी केली. तिला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली आणि त्याचं डोकं पोटाशी धरावंसं वाटलं, आणि दोन्ही न करता तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. कॉलरीच्या आत मानेभोवती केवढी जागा होती. तिची चार बोटं सहज शिरली.

"कौल मान्य तुला? काय पण पडला तरी?"

"काय पण पडला तरी."

"देवीची आण?"

"देवीची आण. आप्पाकाकासमोर बोललोय मी."

"मग झाला," ती म्हणाली, आणि घरात गेली.

अक्षया चुलीपाशी चहा टाकत होती. आनंदीबाईनं दार लोटलं.

"ए वॉचमनवाली."

अक्षयाच्या हातातली साखर सांडली.

"घाबरू नको. चार तरी बांगडे स्वतः खायचे होतेस, मग द्यायचेस. ता जाऊ दे. मला सांग, ती तुझी नळी रत्नागिरीत घालतात काय?"

"घालतात. माझ्या डॉक्टरांच्या ओळखीचे आहेत एक. फोन केला तर उद्या सकाळी घेतील."

"आणि मुंबईत?"

"मुंबईत तर आमच्याकडेच. पण आई, कौल..."

"कौलाचं मी बघते. तू फोन लाव. दोन्हीकडे लाव." आनंदीबाई दाराशी थांबली. "दोन्हीकडे तयार ठेवायचा. समजलीस?"

अक्षयाला समजलं नव्हतं. तरी तिनं मान हलवली आणि मोबाईल काढला. आनंदीबाईला वाटलं, पोरगी वाईट नाही. चहा मात्र पाणचट करते.

*

दिवेलागणीला सगळे देवळात गेले. रामा गुरवानं समया लावल्या, फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवीच्या पाषाणाला उजवीडावीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वाडीतली लग्नं, विहिरींच्या जागा, भावाभावांतले तंटे, सगळं या पाकळ्यांवर ठरत आलं होतं. आनंदीबाईनं आयुष्यात एकदाही पडलेला कौल मोडला नव्हता, आजही मोडणार नव्हती.

अनिल खांबाला धरून उभा होता. सखू त्याच्या मागं, पडला तर धरता यावं अशा अंतरावर. आप्पानं उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा, आज ह्यो तुझा बालक अनिल काशीराम तुझ्या पायाशी आलाय..."

"होय म्हाराजा," रामा गुरव आणि संदेश म्हणाले.

"त्याच्या बागेतला राखणीचा धोंडा हलला. त्याचा कोप होऊन जर का ह्याच्या पोटाला ही पीडा लागली असंल..."

"थांब," आनंदीबाई म्हणाली.

समईची ज्योत तेवढी हलली. गाऱ्हाणं मधेच तोडायची रीत नव्हती. बाईनं तोडायची तर नाहीच नाही.

"काकी, पाकळ्या लागल्या," रामा गुरव चाचरत म्हणाला. "आता काढता येत नाय."

"पाकळ्या ऱ्हाऊ दे. गाऱ्हाणा मी घालते."

"वयनी, बाईमाणसानं..."

"नऊ महिने पोटात ठेवला तेव्हा बाईमाणूसच होते मी. तेव्हा तू आला नव्हतास मधे." ती उंबऱ्यापाशी गेली आणि पदर डोक्यावरनं घेऊन हात जोडले. आवाज मात्र मिरकरवाड्यात दर पाडतानाचाच. "आई, तुला सगळा ठाऊक हाय, मी लांबण लावीत नाय. ह्येच्या बापसाच्या वेळेला तुला इचारला होता, बाहेरचा काय लागलाय काय. तू होय म्हणालीस. लागला पण असंल बाहेरचा. इचारला तेवढ्याचा उत्तर तू दिलंस. पोटात काय हाय ता कोणी इचारलाच नाय तुला. तुझी चूक नाय. आज मी इचारते. ह्येच्या पोटात काय हाय ता बघायचा हाय. बघायचा की नाय, ता मी इचारीत नाय, ता ठरला. कुठं बघायचा, तेवढा सांग. उजवी दिलीस तर उद्या सकाळी रत्नागिरीत. डावी दिलीस तर उद्याच्या गाडीनं मुंबईस."

कुणी होय म्हाराजा म्हटलं नाही. मग मागून, बायकांच्या रांगेतून, सखूचा बारीक आवाज आला, "होय म्हाराजा." आणि तिच्या पाठोपाठ अक्षयाचा, मुंबईच्या हेलाचा, "होय महाराजा."

आप्पा लाल झाला होता. "वयनी, ह्यो कौल नाय. ह्येच्यात नको म्हणायला जागाच कुठं हाय?"

"ठेवली होतीस मागल्या खेपेस," आनंदीबाई वळून म्हणाली. "त्या जागेत तुझा भाऊस गेला."

आप्पा तिच्याहून चार-सहा वर्षांनी लहान. ती या घरात आली तेव्हा तो शाळेची पाटी घेऊन हिंडत होता, आणि आता, समईच्या उजेडात, पुन्हा तेवढाच दिसला. खाली मान घालून त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. मग त्यानंही हात जोडले.

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले.

पाकळ्या हलेनात. उजवी नाही, डावी नाही. रामा गुरवानं घंटा वाजवली. संदेशनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल आरे-वाऱ्याच्या रस्त्याला लागली, तिचा आवाज घाटीवरून खाली गेला आणि विरला. आनंदीबाईनं जोडलेल्या हातांची बोटं एकमेकांत एवढी रुतवली होती की ती पांढरी पडली. पड, ती मनात म्हणत होती. कुठली पण पड, पण पड.

मागं काहीतरी घसरल्याचा आवाज आला. अनिल खांबाला पाठ लावून खाली बसला होता. पडला नव्हता, बसला होता. उभं राहवत नाही म्हणून बसला होता. सखू त्याच्या बाजूला टेकली होती आणि पदरानं वारा घालत होती. त्याच्या ओठांना रंग नव्हता.

तो हळूच हसला. दुपारपासून पहिल्यांदा.

"आई, तू असा इचारलंस की देवी पण अडकली."

"तिला इचार करू दे. तिला घाई नाय."

"मला हाय," अनिल म्हणाला. "रत्नागिरीतच जाऊ. मुंबईपर्यंत बसवायचा नाय मला गाडीत." त्यानं हात पुढं केला. "पण मला तिथं सांगितलानी तर तू समोर पायजेस. मी भिंतीकडे तोंड केला तर मला शिव्या घालायला."

"त्या तुला इथून तिथवर घालीन," आनंदीबाई म्हणाली.

संदेशनं आणि सखूनं त्याला दोन्हीकडनं धरलं. देवळाच्या पायऱ्या उतरताना मागून रामा गुरवाची हाक आली.

"काकी, उजवी. उजवी पडली."

आनंदीबाईनं मागं वळून बघितलं नाही. "माझी अडवणूक ती करायची नाय," ती म्हणाली, आणि मग कुणी बघत नाहीसं पाहून शेवटच्या पायरीवर वाकून, मातीला हात लावून तो कपाळाला लावला.

*

घरी आल्यावर अक्षयानं सांगितलं, सकाळी जायचं ते उपाशीपोटी. इतरांना रात्रीचं हलकं चालतं, पण भाऊजींचं पोट रिकामं व्हायला वेळ लागतोय, म्हणून आत्तापासून काही देऊ नका. पाण्याचं तेवढं डॉक्टरांनी सांगितलंय, ते मी बघते.

म्हणून त्या रात्री चूल पेटली नाही. संदेश शेजारी जेवायला गेला, सखू नको म्हणाली. अनिल ओटीवर पडला होता. आनंदीबाईनं परसातले बांगडे गोळा करून टोपलीत भरले, टोपली शिंक्याला लावायला हात वर केला आणि तशीच थांबली. मग टोपली खाली ठेवली. शिंक्याला न लावता, कोपऱ्यात, पाटीखाली. त्यांचं काय करायचं ते उद्यानंतर बघू.

"आई," ओटीवरनं हाक आली.

ती गेली. अनिल कोपरावर उठून बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे तिनं कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी असायचं, ते.

"थोडी पेज होईल काय गो? भूक लागल्यासारखी वाटते."

आनंदीबाईनं आयुष्यात या पोराला कधी नाही म्हटलं नव्हतं. भाताला, वड्याला, माशाच्या तुकडीला, कधीच नाही. गणपतीपासून ती त्याच्या ताटात वाढत होती आणि तो नको म्हणत होता, आणि आज तो मागत होता.

"नाय," ती म्हणाली.

"एक वाटी."

"एक शीत नाय. उद्या, ती नळी बाहेर आली की." ती त्याच्या उशाशी जमिनीवर बसली आणि भिंतीला पाठ लावली. "नीज. मी पण जेवले नाय."

"तू कशाला उपाशी?"

"घरात जेवणच केला नाय कोणी," आनंदीबाई म्हणाली. "आज थोरला पान टाकून उठला, मग खाली घरात कोण जेवणार?"

थोड्या वेळानं अनिल भिंतीकडे कुशीवर वळायला लागला. तिनं त्याच्या खांद्याला धरून त्याला आपल्याकडे तोंड करून झोपवलं, आणि हात तिथंच ठेवला.